सम्राटाचं सुतक

सातवाहन सम्राट गौतमीपुत्र सातकर्णी याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं होतं, आणि त्या सम्राटाचं रक्त आजही एका घराण्याच्या धमन्यांतून वाहत आहे. ते घराणं पैठणकरांचं. शनिवारी दुपारी, सिडनीच्या कॅसल हिल उपनगरात, त्या घराण्याचे विद्यमान कर्ते पुरुष चारुदत्त पैठणकर डिशवॉशर रिकामा करत होते, आणि त्यात साबणाची वडी घालायची राहून गेली होती हे त्यांच्या आत्ता लक्षात येत होतं.

"परत लाव," घरातल्या लाँड्रीतून, म्हणजे कपडे धुण्याच्या खोलीतून, विनीताचा आवाज आला.

"तुला कसं कळलं?"

"उसासा ऐकला. आता गप्प बस, पेशंट लाइनवर येतोय."

विनीता डॉक्टर होती. पहिल्या लॉकडाउनमध्येच तिच्या क्लिनिकने अर्ध्या डॉक्टरांना घरून, फोनवर पेशंट बघायला सांगितलं होतं. या कामासाठी घरात एक उत्तम खोली होती. तिला बंद होणारं दार होतं, टेबल होतं, खिडकीतून बॉटलब्रशचं झाड दिसत होतं. त्या खोलीत तिचे सासरे, प्राध्यापक मुरलीधर पैठणकर, दीड वर्षापूर्वी तीन महिन्यांच्या व्हिसावर येऊन बसले होते. विमानं बंद झाली, व्हिसा वाढत गेला, आणि बाबांनी आयुष्यभर लांबवलेलं सम्राटचरित्र त्या टेबलावर पसरलं. विनीता लाँड्रीत गेली. तिथे इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून ती लोकांचे रक्तदाब ऐकून घेत असे. मागच्या आठवड्यात एका आजीबाईंनी तिला विचारलं होतं, "डॉक्टर, तुम्ही विमानात आहात का?" शेजारच्या मशीनमध्ये कपडे पिळले जात होते.

बाबांनी शब्द दिला होता, हे मान्य करायला हवं. संक्रांतीला, तिळगूळ हातावर घेऊन, ते म्हणाले होते, "विनीता, माझा सम्राट ज्या दिवशी देह ठेवील, त्या दिवशी खोली तुझी. आणि आम्ही दोघं नरूकडे पेंडल हिलला जाऊ. तोही आमचाच मुलगा आहे."

तेव्हा सम्राट राज्याच्या अठराव्या वर्षात होता आणि विजयी सैन्याच्या छावणीत ठणठणीत होता. होळीपर्यंत तो चोविसाव्या वर्षात आला. सगळ्यांना हुरूप आला. मग होळी गेली, पाडवा गेला, आषाढ गेला, श्रावण संपत आला. सम्राट चोविसाव्या वर्षातच होता. त्याचं वय थांबलं होतं, आणि तो काय घेतो हे विनीताला एक डॉक्टर म्हणून जाणून घ्यायचं होतं.

म्हणून आज तिने बैठक बोलावली होती. येत्या शुक्रवारी गणपती बसायचे होते. त्याआधी सम्राट गेला पाहिजे, हा तिचा एकमेव मुद्दा होता.

*

जेवणाच्या टेबलाशी बाबा मधल्या खुर्चीत बसले. शेजारी त्यांच्या पत्नी, चित्राआजी, शेंगा सोलत होत्या. चारुदत्त-विनीताची मुलगी निहारिका, वय सतरा, शरीराने हजर होती. धाकटा मुलगा नरेंद्र आयपॅडवर होता आणि आयपॅड साबुदाण्याच्या बरणीला टेकवलेला होता, कारण या दुसऱ्या लॉकडाउनमध्ये सिडनीचा पेंडल हिलचा भाग जास्त कडक नियमांत होता आणि नरेंद्रला तिथून हलायची परवानगी नव्हती. या परवानगीच्या अभावाबद्दल तो दर फोनला फार खेद व्यक्त करायचा.

"बाबा, सरळच विचारते," विनीता म्हणाली. "तो कधी जाणार?"

"कोण?"

"सातकर्णी."

बाबांनी कप खाली ठेवला. "विनीता, तो सम्राट आहे. त्याला अपॉइंटमेंट देता येत नाही."

"लढाईत मारा ना, बाबा," चारुदत्त म्हणाला. "बाण वगैरे."

"कोणत्या लढाईत? कोणाचा बाण?"

"त्याला काय विचारताय," आजी शेंगेतून मान वर न काढता म्हणाल्या. "त्याला इतिहास कधी जमलाच नाही. नववीत त्याने शिवनेरी कोकणात दाखवला होता."

"आई, मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे."

"मग आता दाखव बरोबर."

"आजोबा, न्यूमोनिया," निहारिका फोनवरून नजर न काढता म्हणाली. "ओल्डन डेजमध्ये लिटरली सगळे न्यूमोनियाने जायचे."

"पुरावा?"

"त्यांच्याकडे एक्स-रे नव्हते, आजोबा. दॅट्स काइंड ऑफ द पॉइंट."

बाबा उभे राहिले. समोर पाच माणसं आणि एक टेबल असलं की ते उभे राहत. चाळीस वर्षं कॉलेजात काढली होती. "नाशिकच्या लेण्यात त्याच्या स्वतःच्या दोन आज्ञा आहेत. पहिली अठराव्या वर्षातली. एकट्याची. दुसरी चोविसाव्या वर्षातली. ती त्याची आणि त्याच्या आईची, दोघांची मिळून. त्यानंतर त्याच्याकडून एक अक्षर नाही. मग पुढे, तिच्या नातवाच्या कारकिर्दीत, ती आई, गौतमी बलश्री, स्वतः एक भला मोठा लेख कोरवते. माझा मुलगा असा होता. सूर्यकिरणांनी उमललेल्या कमळासारखं तोंड. हत्तीसारखी डौलदार चाल. शक, यवन, पह्लवांचा नाश करणारा. आणि आईची अखंड सेवा करणारा."

शेवटच्या वाक्याला आजींनी चारुदत्तकडे पाहिलं.

"पण तो गेला कधी, कशाने गेला, हे कुठेही कोरलेलं नाही," बाबा म्हणाले. "आणि जे कोरलेलं नाही ते मी लिहिणार नाही."

विनीताने याची तयारी केली होती. "ठीक आहे. मग केस म्हणून बघू या. पुरुष, मध्यमवयीन, धकाधकीची नोकरी, प्रवास खूप. अठराव्या वर्षी स्वतः बोलतो. चोविसाव्या वर्षी आई त्याच्या वतीने बोलायला लागते. बाबा, माझ्याकडे पन्नाशीच्या माणसाच्या वतीने त्याची आई फोनवर बोलायला लागली, तर मी एकच निष्कर्ष काढते. पेशंटची तब्येत गंभीर आहे."

बाबांनी चष्मा काढला. तो मुद्दा चांगला होता आणि तो एका डॉक्टरने मांडला होता. चारुदत्तने मनातल्या मनात सम्राटाला खांदा दिला.

"चारू, तू अजून चहा घेतोस?" विनीताने विजयी उदारपणे विचारलं.

"त्याला नको," आजी म्हणाल्या. "त्याला दुपारचा सोसत नाही."

बाबांनी चष्मा परत घातला आणि सावकाश चारुदत्तकडे वळले.

"चारू, तुझी तब्येत गंभीर आहे का?"

"नाही, बाबा."

"तो बरा आहे," आजी म्हणाल्या.

"पुरावा बाद," बाबा म्हणाले आणि खाली बसले.

*

पेंडल हिलमध्ये, स्टेशनजवळच्या आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, नरेंद्रने माइक बंद करून एक लांब श्वास सोडला. वहिनी आज जिंकत आली होती. तिच्यावर त्याचा राग नव्हता. त्याला वहिनी आवडायची. त्याला फक्त आपली दुसरी खोलीही आवडायची, जिच्यात त्याने पहिल्या लॉकडाउनमध्ये घेतलेला ड्रमसेट होता. घटस्फोटानंतर त्याने एक जीवनपद्धती विकसित केली होती. तीत टोस्ट होता, बीन्स होत्या, आणि "हे काय?" असं विचारणारं कोणी नव्हतं. आई आली की ती फ्रिज उघडणार. फ्रिजमध्ये लोणचं, बिअर आणि तिसरं काहीतरी होतं ज्याच्याकडे तो स्वतःच काही आठवडे बघत नव्हता.

सम्राट जगला पाहिजे होता. निदान शुक्रवारपर्यंत, मग गणपतीनंतर पुन्हा बघता आलं असतं. त्याने माइक चालू केला आणि अगदी सहज, काळजीच्या सुरात म्हणाला, "बाबा, पण सुतकाचं काय?"

"कसलं सुतक?"

"नाही म्हणजे, आपण त्यांचे वंशज ना? आपल्या कुळातला माणूस गेल्याचं घरात कळणार. आणि शुक्रवारी गणपती."

आजींच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "हे लक्षातच आलं नाही. सुतकात मूर्ती कशी बसवणार?"

"नरू, तू मूर्ख आहेस का?" विनीता म्हणाली. "तो माणूस एकोणीसशे वर्षांपूर्वी गेलाय!"

"पण कळतंय आत्ता, वहिनी. सुतक कळल्यापासून धरतात. हो की नाही, आई?"

"कळल्यापासून," आजी म्हणाल्या. आघाडी फुटली होती.

"मग सोपं आहे," चारुदत्त म्हणाला. त्याला खरोखर सोपं वाटलं होतं. "आपण वंशज नाही असं म्हणा. झालं."

आयपॅडवर नरेंद्रने डोळे मिटून घेतले. दादाबद्दल त्याला नेहमीच माया वाटायची.

पैठणकर हे सातवाहनांचे वंशज आहेत, याला दोन पुरावे होते. बाबांच्या पणजोबांनी तसं सांगितलं होतं, आणि एका चांदीच्या नाण्यावर सम्राटाचं नाक होतं. ते नाक बाबांना होतं, चारुदत्तला होतं, आणि निहारिकेला होतं, जिला ते नको होतं. जो माणूस मरणाला शिलालेख मागत होता, त्याने या नाकाला आयुष्यात एकही प्रश्न विचारला नव्हता.

"एक मिनिट, वी आर नॉट रॉयल्स?" निहारिकेने पहिल्यांदा फोन खाली ठेवला. "मी सगळ्या इयर ट्वेल्व्हला सांगितलंय. नो, नो, आजोबा, यू कान्ट."

"बाबा," विनीता हळूच म्हणाली. "वंशज असाल तर सुतक पाळा. नसाल तर त्याला मारून मोकळे व्हा. दोन्हीतलं काहीतरी एक करा. मला काहीही चालेल."

बाबांनी सगळ्यांकडे पाहिलं. मग ते उठले, खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. दार किती छान लागतं, हे विनीताने ऐकलं. लाँड्रीचं दार सरकतं होतं आणि ते पूर्ण कधीच सरकत नसे.

"मला तीनचा पेशंट आहे," ती म्हणाली आणि गेली.

*

चित्राआजींनी शेंगांची टरफलं गोळा केली. त्या मनातून नरूच्या बाजूने होत्या, पण नरूला वाटत होतं त्या कारणासाठी नाही. नरूच्या फ्रिजमध्ये काय आहे हे त्यांना अंदाजाने ठाऊक होतं. त्यांना सम्राट जिवंत हवा होता तो ह्यांच्यासाठी. एप्रिलपासून पुण्याहून फोन आला की कोणीतरी गेलेलं असायचं. ह्यांचा शाळेपासूनचा मित्र, नाणी गोळा करणारे ते गृहस्थ, समोरच्या बंगल्यातले नवराबायको चार दिवसांच्या अंतराने. ते ऐकत, "बरं" म्हणत आणि खोलीत जाऊन चोविसाव्या वर्षात बसत. निदान एक माणूस आपल्या हातात आहे, तो आपण जाऊ देणार नाही, असं काहीतरी ह्यांचं चाललेलं असावं. त्यांनी कधी विचारलं नाही. लग्नाला पन्नास वर्षं झाली की निम्म्या गोष्टी विचारायच्या नसतात.

त्या कपडे आणायला लाँड्रीकडे गेल्या, आणि अर्ध्या सरकलेल्या दाराशी थांबल्या.

विनीता फोनवर होती. पलीकडे कोणी बाई रडत होती. इंग्रजी आजींना बोलता यायचं नाही, पण समजायचं. त्या बाईची बहीण तिच्या देशात वारली होती, आणि हिने अंत्यविधी मोबाइलवर पाहिला होता. "आय नो," विनीता म्हणत होती. "टेक युअर टाइम. मी इथेच आहे, तुम्ही बोला." इस्त्रीच्या टेबलाशी, मोज्यांच्या ढिगाशेजारी, ती एक पाय ड्रायरच्या दारावर दाबून बसली होती. ते दार नीट लागत नसे, आणि उघडलं की मशीन पिपाणी वाजवायचं. ती बाई बराच वेळ रडली. विनीताचा पाय थरथरायला लागला तेव्हा तिने दुसरा पाय लावला. पिपाणी वाजली नाही.

आजी कपडे न घेता परत फिरल्या आणि त्यांनी बाबांच्या खोलीचं दार वाजवलं नाही, उघडलं.

"अहो, ती चोविसाव्या वर्षाची आज्ञा काय आहे? सगळी सांगा."

बाबा चकित झाले. पन्नास वर्षांत हा प्रश्न प्रथमच आला होता. "ती? तशी किरकोळ आहे. डोंगरावरच्या भिक्षूंना पूर्वी एक शेत दिलं होतं. ते शेत कोणी कसत नाही, त्या गावात वस्तीही उरलेली नाही. म्हणून त्याऐवजी त्यांना शहराच्या हद्दीवरचं आमच्या मालकीचं दुसरं शेत द्यावं. एवढंच."

"हे तीन समुद्रवाला बोलला?"

"हो. म्हणजे, आईसह."

"आईच बोलली असणार. दिलेली वस्तू समोरच्याच्या उपयोगाला येते की नाही, हे पुरुष बघतात का? ती म्हणाली असेल, अरे, त्या बिचाऱ्यांना दिलेलं शेत पडून आहे, जरा लक्ष घाल. तेव्हा नव्हतं कमळासारखं तोंड."

बाबांनी टिपणवहीतलं पान उलटून पाहिलं.

"कळतंय का तुम्हाला? तो होता तोवर ती त्याला हे असं बोलत होती. कमळ आणि हत्ती नंतर आले. कुठली आई जिवंत मुलाची एवढी स्तुती करते हो? चारू दीड वर्ष आपल्याला सांभाळतोय, साधा माणूस आहे, चांगला आहे. मी एकदा तरी बोलले का त्याला? चहा नको म्हणाले." त्या खुर्चीत बसल्या. "एवढं सगळं दगडावर कोरून घ्यायचं म्हणजे तो गेलेलाच होता. आणि तिच्यादेखत गेला. आणखी काय कोरायचं तिने?"

खिडकीबाहेर एक लोरिकीट पोपट बॉटलब्रशवर उलटा लटकून खात होता. बाबांनी पेनाचं टोपण काढलं.

"हा पुरावा आहे," ते शेवटी म्हणाले.

"मग लिहा."

"आणि सुतक?"

"सात पिढ्यांच्या पलीकडे सुतक नाही. त्याहून दूरचं कोणी असलं, फार उशिरा कळलं, तर नुसती आंघोळ. गुरुजींनी सांगितलंय."

"तू कधी विचारलंस?"

"एप्रिलपासून दर आठवड्याला विचारतेय," आजी म्हणाल्या. "पाठ झालंय."

बाबांनी टेबलावरून हात पुढे केला आणि तिच्या हातावर ठेवला. तो तिथे थोडा वेळ राहिला. मग त्यांनी तो काढून घेतला, कारण त्या हाताने लिहायचं होतं.

*

सम्राट संध्याकाळच्या चहाच्या सुमारास गेला. बाबा बाहेर आले, टेबलाशी उभे राहिले आणि म्हणाले, "गेले."

"कशाने?" चारुदत्तने विचारलं.

"ते दिलेलं नाही. आई जवळ होती."

विनीताला हसावं की डोळे पुसावेत ते कळेना, म्हणून तिने दोन्ही थोडं थोडं केलं. आजींनी फर्मान काढलं की सगळ्यांनी डोक्यावरून आंघोळ करायची. आजोबा प्रथम, मग चारू, मग विनीता. निहारिकेचा नंबर येईपर्यंत गीझरचं गरम पाणी संपलं आणि सातवाहन घराण्याच्या सर्वांत तरुण वारसाने बाथरूममधून आपल्या पूर्वजाबद्दल असे उद्गार काढले, जे कोणत्याही दगडावर कोरता आले नसते.

"नरू, तूसुद्धा," आजी आयपॅडला म्हणाल्या.

"आई, मी सकाळी केलीय."

"डोक्यावरून. आणि केस दाखव."

दहा मिनिटांनी नरेंद्र पडद्यावर आला. केस ओले होते. "नळाखाली नुसतं डोकं धरलंयस," आजी म्हणाल्या. तो परत गेला. या दुसऱ्या आंघोळीत त्याच्या मनात ड्रमसेटला गिऱ्हाईक कुठून मिळेल याचा विचार चालू होता, पण तो अकाली ठरला. पेंडल हिलचे नियम तसेच राहिले. आईवडिलांना तिकडे जाता येईना आणि नरेंद्रला इकडे येता येईना. त्याबद्दल त्याने पुन्हा खेद व्यक्त केला.

मग बाबा जाणार कुठे, हा प्रश्न बाबांनीच सोडवला. "विनीताला पूर्वी दिलेलं शेत तिच्या उपयोगाचं नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "म्हणून तिला दुसरं द्यावं. आईसह आज्ञा." त्यांनी रविवारी सकाळी आपली पुस्तकं स्वतः उचलून लाँड्रीत नेली आणि इस्त्रीच्या टेबलावर सम्राटाचा मुलगा पुळुमावी सुरू केला. ड्रायरचा आवाज समुद्रासारखा आहे, असं त्यांचं मत पडलं. आजींनी खोलीच्या दाराला हळदकुंकू लावलं. चारुदत्तने दोन स्क्रू पिळून विनीताची पदवी भिंतीवर टांगली. ती तिरकी लागली.

"तिरकी आहे," आजी म्हणाल्या. मग थोडं थांबून, कोणी ऐकत नाही असं बघून, "पण भक्कम लावलीयस," असंही म्हणाल्या.

चारुदत्तने वळून आईकडे पाहिलं. "आई, मी बरा आहे ना?"

"आहेस, आहेस. चहा घेतोस?"

शुक्रवारी गणपती बसले. सोमवारी क्लिनिकने विनीताला कामावर परत बोलावलं. लाँड्रीत आता जागा नसल्यामुळे विनीताच्या त्या खोलीत कपडे वाळत घालतात.